दहावा फर्मा

माझ्या आत्याला आमच्या बाइंडिंग खात्यात सगळे 'मोजपट्टी' म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची छाती मालकाचीही नव्हती. ती उंच होती, सडसडीत होती, पाठीला बाक म्हणून नव्हता, आणि पुस्तक नुसतं हातात घेऊन 'हे खालून तिरकं कापलंय' असं सांगायची. मग कोणीतरी खरी मोजपट्टी आणायचं, लावून बघायचं आणि गुपचूप जागेवर ठेवून द्यायचं. एक्केचाळीस वर्षं तिने त्या खात्यात काढली. त्यातली सतरा मी तिच्या शेजारी उभी होते. मी हे लिहितेय ते तिचं कौतुक करायलाच, आधीच सांगून ठेवते. कुणाचं कौतुक ज्याला सोसत नाही त्याने इथेच थांबावं.

तिचं लग्न जमलं नाही, असं माझे वडील सांगायचे. जमवलं नाही, असं ती सांगायची. भावाच्या घरात राहायची, पण कुणाच्या उपकारात राहायची नाही. एकोणिसाव्या वर्षी ती बाइंडिंगला लागली आणि मी चोविसाची झाल्यावर मलाही हाताला धरून तिथे घेऊन गेली. पहिल्या दिवशी म्हणाली, "इथे मी तुझी आत्या नाही. चुकलीस तर चारचौघांत बोलेन." आणि बोललीही, त्याच दिवशी, दोनदा.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते. छापखान्यातून मोठे ताव यायचे, एका तावावर सोळा पानं. त्याला घड्या घातल्या की झाला एक फर्मा. असे दहा फर्मे म्हणजे एकशे साठ पानांचं पुस्तक. लांबलचक टेबलावर दहा ढीग ओळीने मांडलेले असायचे आणि आम्ही बायका टेबलाच्या कडेकडेने चालत एकेका ढिगावरून एकेक फर्मा उचलत जायचो. टेबल संपलं की हातात पुस्तक. ते शिलाईला द्यायचं आणि पुन्हा पहिल्या ढिगापाशी. दिवसभरात किती चालणं व्हायचं कोण जाणे. आत्या म्हणायची, सरळ रेषेत चालले असते तर एव्हाना समुद्र लागला असता.

आता एवढ्या फर्म्यांत एखादा राहिला तर? त्यासाठी एक युक्ती असते. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर, घडीच्या जागी, एक छोटी काळी रेघ छापलेली असते. पहिल्याची सगळ्यात वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. दहा फर्मे एकावर एक आले की पाठीवर काळ्या रेघांचा जिना उतरताना दिसतो. आम्ही त्याला पायऱ्याच म्हणायचो. शिलाईआधी पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि पायऱ्या बघायच्या. मधला फर्मा राहिला तर पायरी तुटलेली दिसते, एक दोनदा आला तर दोन रेघा शेजारी दिसतात. आंधळ्यालाही कळावं इतकं सोपं. मला तरी तसंच वाटायचं.

आत्याचं वाचन या धंद्यातच झालं आणि धंद्याच्याच पद्धतीने झालं. तिने कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं नाही. छापून जो फर्मा आधी येईल तो आधी. कधी सहावा, कधी दुसरा. डब्याच्या सुट्टीत घडी घातलेल्या फर्म्यात वाकून वाकून बघायची, कारण कडा कापलेल्या नसायच्या. त्यामुळे रहस्यकथेतला खुनी तिला पोलिसांच्या आधी माहीत असायचा, आणि कधीकधी खून व्हायच्याही आधी. "मेला कोण ते अजून आलं नाही," ती म्हणायची, "पण मारला त्या डॉक्टरने."

रहस्यकथा आमच्याकडे दर महिन्याला यायच्या. एकच लेखक, एकच नायक. नायकाचं नाव 'करडा कोट'. त्याला दुसरं नावच नव्हतं. कोर्टात जे सुटायचे, ज्यांच्यापर्यंत पोलीस पोचायचे नाहीत, त्यांच्या दारात एक दिवस करडा कोट घातलेला माणूस उभा राहायचा. पुढचं काम तो स्वतःच्या हाताने करायचा. लोक वेडे होते त्याच्यासाठी. नवा भाग निघाला की दुकानांसमोर माणसं उभी असायची.

आमचे लेखकसाहेब कोर्टातले निवृत्त टंकलेखक. तीस वर्षं त्यांनी निकाल टाइप केले होते. 'पुराव्याअभावी निर्दोष' हे दोन शब्द, ते म्हणायचे, इतक्या वेळा टाइप केले की त्या अक्षरांचे खिळे झिजले. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या सगळ्या सुटलेल्यांना करड्या कोटाच्या ताब्यात दिलं. माणूस अगदी गरीब. मुंगी चावली तर तिला उचलून बाजूला ठेवतील. पण कागदावर दर महिन्याला एकाला तरी लोळवायचेच.

पुस्तक तयार व्हायच्या दिवशी ते आमच्या खात्यात चहाला यायचे आणि आत्या त्यांची वाट बघत असायची.

"साहेब, उन्हाळ्यातसुद्धा कोट घालतो तो. घामोळं येत नाही का त्याला?"

"बाई, कोट म्हणजे एक तत्त्व आहे."

"असेल. धुवायला कोण देतं?"

सगळ्या बायका हसायच्या आणि लेखकसाहेबही. पण एकदा तिने वेगळंच विचारलं. हातातला फर्मा खाली ठेवून विचारलं, म्हणजे गंभीर होती.

"बारा वर्षं झाली. महिन्याला एक. या तुमच्या माणसाची एकदाही चूक कशी झाली नाही हो?"

"तो चौकशी करतो ना आधी."

"चौकशी मीपण करते. प्रत्येक पुस्तकाच्या पायऱ्या बघते. तरी वर्षाला दोन-चार चुका होतात माझ्या. माझी चूक झाली तर पुस्तक परत येतं. त्याची झाली तर कोण परत येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, तर ती उतरवायची कुणी?"

लेखकसाहेबांचा चहा तसाच राहिला. ते टोपी घालून निघून गेले. आम्हाला वाटलं रागावले. तीन महिन्यांनी नव्या भागाचे ताव आले तेव्हा कळलं, रागावले नव्हते.

त्या भागात एका तरुणाला भरधाव गाडी उडवून जाते. फाईल बंद होते. करडा कोट गाडी शोधतो. डावा दिवा फुटलेला, पुढचा पत्रा चेपलेला. गाडीच्या मालकाला तो एका गॅरेजात गाठतो. 'शटर खाली आलं. आत दोघंच उरले. आज निकाल लागणार होता.' इथे नववा फर्मा संपतो, एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर. दहाव्या फर्म्यात शेवटचं प्रकरण. त्यात करडा कोट त्या माणसाला जन्माचा अधू करतो, आणि मग अपघाताच्या जागी सापडलेला काचेचा तुकडा त्या फुटक्या दिव्याला लावून बघतो. काच बसत नाही. माणूस चुकीचा. करडा कोट कोट काढतो, जमिनीवर पडलेल्या त्या माणसाच्या अंगावर घालतो आणि स्वतः चालत पोलीस चौकीत जातो. समाप्त.

आत्याने नेमका दहावा फर्मा आधी वाचला. वाचून झाल्यावर कितीतरी वेळ घडीवरून हात फिरवत बसली. "लिहिलं की त्यांनी," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने पुन्हा कोणाला बोलणी घातली नाहीत, यावरून काय ते समजा.

आणि त्याच पुस्तकात मी माती खाल्ली.

त्या दिवशी मला साडेचारला निघायचं होतं. कशासाठी ते सांगत नाही, माझा नवरा हे वाचेल. आत्या कटिंग मशीनपाशी होती आणि पायऱ्या बघायचं काम माझ्याकडे होतं. मधेच हमालाने जागा करायला म्हणून टेबलाच्या टोकाचा ढीग उचलून खाली ठेवला. तो ढीग दहाव्या फर्म्याचा. फर्मे उचलणाऱ्या बायका नवव्यापाशी यायच्या आणि टेबल संपलं म्हणून वळायच्या. कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत काही फेऱ्या झाल्या होत्या. ती पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. मी अंगठा फिरवला, पायऱ्या बघितल्या. जिना व्यवस्थित उतरत होता, कुठेही तुटलेला नव्हता. मधली पायरी नसेल तर खड्डा दिसतो. शेवटची नसेल तर काहीच दिसत नाही. जिना एका पायरीने आखूड असतो, इतकंच. तो मोजावा लागतो. मी बघितला, मोजला नाही.

चार दिवसांनी उरलेले फर्मे आवरताना आत्या म्हणाली, "दहाव्याचे बावीस जास्त कसे?"

"छापखान्याने दिले असतील जास्त," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती मालकाकडे जाऊन सांगून आली, की बावीस पुस्तकं आखूड गेली असावीत. मालक म्हणाला, गठ्ठे केव्हाच गेले, कोणी तक्रार केली तर बघू. तक्रार आली नाही. आत्याने ते बावीस फर्मे सुतळीने बांधून वरच्या फळीवर ठेवले. मला काही म्हणाली नाही. मीही मूग गिळून बसले.

पुस्तकावर मात्र पत्रांचा पाऊस पडला, आणि तो सगळा शिव्यांचा. 'आमच्या करड्या कोटाला तुम्ही मारलंत.' 'तुम्हाला गुन्हेगारांनी पैसे चारले.' एकाने पुस्तक फाडून त्याचे तुकडे पाकिटात घालून पाठवले होते. लेखकसाहेब वाळत चालले. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी अकराच्या चहाला ते हसत आले तेव्हा आम्हाला बरं वाटलं.

"एक तरी रसिक निघाला!" म्हणाले, आणि खिशातून पत्र काढून मोठ्याने वाचायला लागले.

पत्र गाड्यांच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराचं होतं. अक्षर ठसठशीत. 'बारा वर्षं तुमचा वाचक आहे. इतका चांगला शेवट तुम्ही कधीच केला नव्हता. शटर खाली येतं आणि आपण काय ते समजून जातो. तुम्ही समाप्त असंसुद्धा लिहिलं नाहीत, ते फार आवडलं.'

इथे लेखकसाहेब अडखळले. "लिहिलं होतं मी बहुतेक," ते म्हणाले. "असो."

'माझ्या धाकट्या भावाला असंच गाडीने उडवलं. दोन वर्षांपूर्वी फाईल बंद झाली. रस्त्यावर सापडलेला काचेचा तुकडा त्याच्या फोटोशेजारी ठेवला आहे. आता गाडी सापडली. डावा दिवा फुटलेला, पत्रा चेपलेला, मालकाने कितीतरी दिवस झाकून ठेवलेली. शुक्रवारी दुपारी तो आपल्या पायाने ती माझ्याकडे दुरुस्तीला आणतो आहे. माझ्याकडे कोट नाही, पण शटर आहे. तुमचे उपकार.' खाली नाव आणि दुकानाचा पत्ता, कारण लेखकसाहेब प्रत्येक वाचकाला उत्तर धाडायचे.

"लोक भरात लिहितात असं," लेखकसाहेब म्हणाले खरे, पण पत्र खिशात न घालता पुन्हा उघडून बघायला लागले.

आत्या उठली. "साहेब, शटर खाली येतं ते एकशे चव्वेचाळिसावं पान. याच्या पुस्तकात पुढचं नाहीये. तुमच्या माणसाची चूक झाली हे याला माहीतच नाही." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "आणि आज शुक्रवार आहे."

त्या बावीसांतलं एक पुस्तक त्या माणसाच्या घरी गेलं होतं. मी चार वाजून पंचवीस मिनिटांनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला होता.

लेखकसाहेबांनी मालकाच्या खोलीतून चौकीला फोन लावला. बराच वेळ बोलले. बाहेर आले ते लाल होऊन. "ते विचारताहेत, हा नव्या भागाचा विषय का? हसताहेत मला."

"मग तोंड घेऊन जा, पत्र घेऊन जा, आणि ते उठेपर्यंत तिथून हलू नका," आत्या म्हणाली. एरवी ती त्यांच्याशी इतकं कडक बोलायची नाही. तिने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढला, सुतळी सोडली, एक फर्मा उचलला, घडी दाबायची हाडाची पट्टी पिशवीत टाकली आणि माझ्याकडे वळली. "चप्पल घाल."

"मी?"

"मग काय मी एकटीने जाऊ?"

बसमध्ये ती फर्मा मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची हिंमत नव्हती. मी एकदाच म्हणाले, "आत्या, आपण दोन बायका. त्याच्या हातात काही असलं तर?"

"असणारच," ती म्हणाली. "पत्र्याचं काम करतो तो. शिलाईची सुई थोडीच असेल?"

तो गॅरेजांचाच रस्ता होता. तेलाने काळी झालेली जमीन, टायरांचे ढीग, कुठे ठोकाठोक, कुठे रेडिओ. भर दुपारी सगळी दुकानं उघडी, एकाचंच शटर खाली. शेजारच्या टायरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आहे की आत. गिऱ्हाईक आलं अर्ध्या तासापूर्वी. मग शटर का ओढलं देव जाणे."

आत्याने शटर वाजवलं. तळहाताने, तीनदा. आतून आवाज नाही. तिने पुन्हा वाजवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दादा, मी बाइंडिंग खात्यातून आलेय. तुमच्या पुस्तकात सोळा पानं कमी गेली आहेत. द्यायला आलेय."

मी आजही सांगते, कोर्टाच्या वकिलालाही ते वाक्य सुचलं नसतं. 'पोलीस' म्हटलं असतं तर त्याने घाईने काम उरकलं असतं. 'थांबा' म्हटलं असतं तर थांबला नसता. पण सोळा पानं कमी? बारा वर्षांचा वाचक तो. आत काहीतरी धातूचं घासलं गेलं आणि आवाज आला, "काय कमी?"

"शेवटचं प्रकरण. पुस्तक एकशे साठ पानांचं आहे, तुमचं एकशे चव्वेचाळिसावर संपतं. बघा हवं तर."

शटर वीतभर वर आलं. आत्याने ते खालून धरलं, वर ढकललं, आणि माझी अठ्ठावन्न वर्षांची, कधी कुणासमोर न वाकणारी आत्या कमरेत वाकून त्या फटीतून आत गेली. मी तिच्या मागे.

आत एक लहानशी गाडी. डावा दिवा फुटलेला. भिंतीला पाठ लावून एक बारीक, टकला माणूस उभा होता, चष्मा एका कानावर लोंबत होता आणि पँट ओली झाली होती. त्याच्यासमोर धिप्पाड, पन्नाशीचा कारागीर, हातात लांब लोखंडी पहार. डोळे सुजलेले. फळीवर हसऱ्या तरुणाचा फोटो, शेजारी काचेचा तुकडा, आणि त्याच्या बाजूला पुस्तक. करड्या कोटाचं. आमच्या हातचं.

"तुम्ही यात पडू नका, बाई," कारागीर म्हणाला.

"मी कशाला पडू? माझं काम पुस्तकाचं." तिने फर्मा पुढे धरला. "चूक आमच्या खात्याची आहे. माझ्या हातून झाली. भरून द्यायला नको का? पण याच्या कडा कापलेल्या नाहीत, असं वाचता येणार नाही. हे धरा घट्ट. दोन्ही हातांनी."

कारागीर फर्म्याकडे बघत होता. मग त्याने पहार गाडीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी फर्मा धरला. आत्याने पिशवीतून हाडाची पट्टी काढली आणि सावकाश, एकेक घडी कापत गेली. घाई नाही, गडबड नाही. जशी खात्यात कापायची तशी. मी तेवढ्यात पहार उचलून गाडीमागे सरकवली. सगळ्या प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम एवढंच.

"मोठ्याने वाचा," आत्या म्हणाली. "यांनाही ऐकू दे."

तो वाचायला लागला. आधी भराभर, दात खात, कारण पहिल्या चार पानांत करडा कोट मारतच असतो. भिंतीपाशी उभा असलेला माणूस खाली बसला. मग तो त्या पानावर आला. 'काच बसत नव्हती. त्याने ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. जमिनीवरचा माणूस आता कण्हतही नव्हता.' इथे त्याने तेच वाक्य पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत.

"तुमच्याकडे काच आहे," आत्या म्हणाली. "लावून बघितलीत?"

त्याने बघितली नव्हती. बारा वर्षं करडा कोट वाचणाऱ्याला फुटका दिवा पुरेसा वाटला होता. फळीवरून तुकडा काढून तो गाडीपाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. फुटक्या दिव्याच्या कडेला जुनी काच अजून अडकलेली होती, साधी, गुळगुळीत. त्याच्या हातातला तुकडा जाड होता आणि त्यावर उभ्या रेघा होत्या. तरी त्याने तो लावून बघितला. उलटा, सुलटा, पुस्तकात आहे तसाच. दिव्याशी काचेची इतकी करकर झाली की माझ्या दातांना कळ आली. मग तो तिथेच जमिनीवर बसला आणि भावाला हाक मारून रडायला लागला. इतका मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता.

"गाडी फाटकाच्या खांबाला लागली होती," भिंतीपाशी बसलेला माणूस पहिल्यांदाच बोलला. "बायकोच्या हातून. तिला वाईट वाटू नये म्हणून झाकून ठेवली. मी केव्हापासून सांगतोय यांना." तो एका शाळेत कारकून होता.

आत्याने त्याचा चष्मा नीट केला, त्याला पाणी दिलं, मग कारागिराला दिलं. पोलीस आले ते त्यानंतर वीस मिनिटांनी, पुढे घामाघूम लेखकसाहेब. चौकीत सगळेच गेलो. कारकुनाने तक्रार केली नाही. उलट, काचेचा तुकडा नोंदवून घ्या आणि फाईल उघडा, असं त्यानेच पोलीससाहेबांना ठणकावून सांगितलं, ओल्या पँटने. फाईल उघडली. खरी गाडी सापडली का? नाही. दोन-तीन वेळा आशा वाटली, पण नाही. इथे मला खोटं लिहिता येणार नाही. आत्याने पुस्तक उघडून तपासलं असतं. कारकुनाने गाडी मात्र दुसरीकडे दुरुस्त करून घेतली, आणि त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवू नयेत.

महिन्याभराने कारागीर आमच्या खात्यात आला. हातात ते पुस्तक आणि आत जपून घातलेला, कडा कापलेला दहावा फर्मा. मालकाने त्याला नवं कोरं पुस्तक देऊ केलं, त्याने घेतलं नाही. हेच नीट करून हवं होतं. आत्याने मुखपृष्ठ सोडवलं, जुनी शिलाई उसवली, दहावा फर्मा जागेवर बसवला आणि हाताने शिवला. तो समोर उभा राहून बघत होता. पुस्तक त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "चुकलं होतं आमचं." तो म्हणाला, "ताई, माझंही." आणि वाकून तिच्या पाया पडला. मालक, लेखकसाहेब, सगळ्या बायका उभ्या होत्या. माझी मान इतकी ताठ झाली होती की संध्याकाळी दुखायला लागली. माझी आत्या होती ती!

त्या संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं, "आत्या, काच बसली असती तर?"

"बसली असती तर चौकीत गेलो असतो. आपण चौघं. काचेसकट."

"आणि त्याने ऐकलं नसतं तर?"

"अर्धा तास शटर खाली होतं, पोरी. ज्याला मारायचंच असतं तो अर्धा तास थांबत नाही. तो कुणीतरी दार वाजवायची वाट बघत होता."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. भर रस्त्यात थांबले आणि सांगून टाकलं. चूक माझी होती. पायऱ्या मी बघितल्या होत्या, मोजल्या नव्हत्या. बावीस जास्त निघाले तेव्हाही खोटं बोलले. तू सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलंस, आणि मी घेऊ दिलं.

ती थांबली नाही. तिच्या नेहमीच्या चालीने चालत राहिली आणि मला पळत तिला गाठावं लागलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी पायऱ्या तुझ्याकडे होत्या."

"मग बोलली नाहीस का? चारचौघांत बोलेन म्हणाली होतीस."

"बोलून काय झालं असतं? चार दिवस रडली असतीस. म्हणून चप्पल घालायला सांगितली."

त्यानंतर तिने छापखान्याला सांगून शेवटच्या फर्म्याची रेघ दुप्पट जाड छापायला लावली. जिना जाड पायरीवर संपला नाही तर पुस्तक पुढे जात नाही. छापखाने बदलले, मालक बदलला, लेखकसाहेब गेले, आणि दोन वर्षांपूर्वी आत्याही गेली. जाड रेघ आहे. नव्या मुली तिला 'आत्याची पायरी' म्हणतात आणि ही आत्या कोण हे त्यांना ठाऊक नसतं. आता ठाऊक होईल. आणि मी? रेघ जाड असली तरी मी पायऱ्या मोजते. रोज, प्रत्येक पुस्तकाच्या, एकपासून दहापर्यंत.